वस्तूंची गोष्ट : दाराखालचा दगड



या सदरासाठी वस्तू निवडताना देखणेपणाचा मोह होतोच. सोन्याचा मुकुट, नक्षीची सुरई, रंगीत फरशी असे काही समोर असले की लिहायलाही हुरूप येतो. आज मात्र जी वस्तू घेतली आहे ती दिसायला अगदीच साधी आहे. एक काळपट, ओबडधोबड दगड. बाजू घडवलेल्या नाहीत, नदीकाठावरून उचलून आणावा तसाच. फक्त वरची बाजू थोडी सपाट केलेली, तिच्यात वाटीएवढा गोल खळगा, आणि त्या खळग्याच्या शेजारी बारीक रेघांच्या चौकटीत कोरलेली काही अक्षरे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि पॅरिसच्या लुव्रमध्ये असे दगड आहेत. शेजारी राजांचे चकचकीत पुतळे असतात, त्यामुळे या दगडांपुढे फारसे कोणी थांबत नाही. पहिल्या नजरेला आपल्याकडचे उखळच वाटावे.

पण हे उखळ नाही. चार हजार वर्षांपूर्वी यावर एक दार फिरत होते.

दक्षिण इराकच्या ज्या सपाट मुलखाला पुढे सुमेर म्हणून जग ओळखू लागले, तिथल्या लोकांकडे आपल्यासारखी बिजागरी नव्हती. दाराच्या फळ्या एका उभ्या लाकडी खांबाला जोडलेल्या असत. दार उघडायचे म्हणजे तो खांबच फिरवायचा. खांबाचे वरचे टोक भिंतीत बसवलेल्या कड्यात किंवा पट्ट्यात अडकवलेले असे आणि खालचे टोक या दगडाच्या खळग्यात टेकलेले असे. लाकूड झिजू नये म्हणून मोठ्या इमारतींत त्या टोकाला तांब्याची टोपी चढवत. दाराचा सगळा भार शेवटी या एका दगडावर येई. आपल्याकडच्या जुन्या किल्ल्यांच्या दरवाजांपाशी खाली वाकून पाहिले तर दगडात तसाच गोल खळगा सापडतो. युक्ती तीच. फरक एवढाच की सुमेरमध्ये तो दगड उंबऱ्याबरोबर उघडा ठेवलेला नसे. जमिनीच्या खाली विटांची एक चौकोनी पेटी बांधत, तिच्या तळाशी हा दगड बसवत, आणि दाराचा खांब फरशीतल्या भोकातून खाली उतरून त्यावर उभा राही. आत येणाऱ्या माणसाला फक्त दार दिसे. दगड दिसत नसे.

एका दगडाची एवढी काळजी का, हे समजायला तो मुलूख डोळ्यांसमोर आणावा लागेल. बसरा, कुफा, नजफ, करबला ही नावे आपल्या घराघरांत माहीत आहेत. त्याच मैदानाचा हा दक्षिणेकडचा भाग. दजला आणि फुरात या दोन नद्यांनी हजारो वर्षे गाळ आणून टाकलेला, त्यामुळे पाहावे तिकडे माती. घर मातीच्या विटांचे, मंदिर मातीच्या विटांचे, कोयतासुद्धा काही काळ भाजलेल्या मातीचा. लिहायचे तेही मातीच्या पाटीवर. दगड मात्र नाही. जो काही चांगला, टणक दगड लागे तो दूरवरून आणावा लागे. डायोराइट नावाचा काळा कठीण दगड मगान देशातून, म्हणजे आजच्या ओमानच्या बाजूने, समुद्रमार्गे येई. इमारतीला लागणारे मोठे लाकूडही बाहेरचेच. इसवी सनापूर्वी सुमारे 2500 च्या सुमारास लगाशचा राजा उर-नान्शे आपल्या लेखांत अभिमानाने नोंदवतो की दिलमुनच्या जहाजांनी त्याच्यासाठी लाकूड आणले. दिलमुन म्हणजे आजचा बहरीन आणि आसपासचा भाग. पुढे त्याच लगाशचा गुदेया हा राज्यकर्ता मेलुहा देशातून आलेल्या लाकडाचा उल्लेख करतो. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा सुमेरच्या एखाद्या दारात आपल्या उपखंडातले लाकूड आणि त्याच्या खाली ओमानचा दगड, असे जुळून आले असेल तर नवल वाटू नये.

दार ही चीज त्या देशात किती मोलाची होती, याचा पुरावा राजांच्या लेखांपेक्षा सामान्य माणसांच्या कागदपत्रांत जास्त चांगला मिळतो. कागद कसले, मातीच्या पाट्या. इसवी सनापूर्वी 1800 च्या आसपासच्या वारसा-वाटणीच्या पाट्या सापडल्या आहेत. बाप गेल्यावर भाऊ-भाऊ घर वाटून घेतात, तेव्हा जमीन, खोल्या, खाट, जाते यांच्या बरोबरीने दारांचीही मोजदाद होते. अमक्या भावाला एवढी दारे, तमक्याला एवढी. भिंत मातीची असते, ती पाडून पुन्हा बांधता येते. लाकडी दार मात्र सोबत उचलून न्यायचे. वाटणीत कढई-पातेल्यांवरून होणारे वाद आपल्याला नवे नाहीत, तेव्हा त्या भावांचे चेहरे मला तरी सहज दिसतात. अर्थात त्यांच्या घरी दाराखाली कोरीव दगड नसे. साधा गोटा, किंवा खळगा पडलेली एखादी वीट, एवढ्यावर भागे. अक्षरे कोरलेला दगड हा मोठ्या इमारतीचा, बहुधा मंदिराचा मान.

आता त्या अक्षरांकडे येऊ.

वर ज्या गुदेयाचे नाव आले, तो सुमारे 4100 वर्षांपूर्वी लगाश राज्यावर होता. स्वतःला तो राजा म्हणवत नाही, एन्सी म्हणवतो. आपण सुभेदार किंवा शासक म्हणू. त्याच्या राज्यातले धार्मिक शहर गिर्सू. तिथे त्याने निनगिर्सू या आपल्या शहराच्या देवासाठी एनिन्नू नावाचे मोठे मंदिर नव्याने बांधले. हे बांधकाम त्याच्या आयुष्यातले सर्वात मोठे काम असावे, कारण त्याबद्दल तो बोलायचा थांबतच नाही. मातीच्या दोन मोठ्या नळकांड्यांवर त्याने या बांधकामाची सविस्तर हकीकत लिहून ठेवली आहे : आधी पडलेले स्वप्न, त्या स्वप्नाचा अर्थ विचारायला केलेला प्रवास, मग विटा, लाकूड, दगड यांची जुळवाजुळव. सुमेरी भाषेतल्या सर्वात लांब रचनांमध्ये तिची गणना होते. ती नळकांडी आज लुव्रमध्ये आहेत.

दाराखालच्या दगडावर एवढी जागा नसते. तिथे कारागिराला छिन्नीने एकेक रेघ खोदायची असते. ओल्या मातीवर बोरूने टोचण्याइतके ते सोपे नाही. म्हणून मजकूर मोजका. कोणत्या देवासाठी, कोणी, कोणते घर बांधले, एवढेच. गुदेयाच्या विटांवर, भिंतीत खुपसलेल्या मातीच्या शंकूंवर असाच ठरीव मजकूर पुन्हा पुन्हा येतो. एन्लिल या मोठ्या देवाचा योद्धा निनगिर्सू, त्याच्यासाठी लगाशचा एन्सी गुदेया याने जे जे शोभेल ते केले आणि एनिन्नू बांधून पूर्ववत केले, असा त्याचा आशय. लेखाच्या शेवटी आपण आज तारीख घालतो तशी तारीख नाही, गवंड्याचे नाव नाही, खर्चाचा आकडा नाही. गवंड्याचे नाव असते तर किती बरे झाले असते, असे मनात येतेच.

जाता जाता भाषेबद्दल एक गंमत. सुमेरी भाषेचा अरबीशी काही संबंध नाही. जगातल्या कोणत्याच माहीत असलेल्या भाषेशी तिचे नाते जुळलेले नाही. पण तिच्या शेजारीच नांदणारी अक्कदी भाषा अरबीच्या कुळातली. त्या अक्कदीत दाराला ‘बाबू’ म्हणत. अरबीतला ‘बाब’ तोच. बाबिल शहराचे नाव ते लोक देवाचे दार या अर्थानेच घेत. आपल्या मुलांना मदरशात शिकवला जाणारा हा छोटासा शब्द इतका जुना आहे.

पण या दगडाबाबतीत मला सर्वात विचार करायला लावणारी गोष्ट मजकूर ही नाही. मजकूर कुठे आहे, ही आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत दाराच्या वर अरबी आयत कोरलेली फरशी बसवतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर जावी, वाचून मनाला बरे वाटावे, म्हणून ती वर असते. मशिदीच्या दारावरचा जुना फारसी शिलालेखही बांधणाऱ्याचे नाव आणि साल लोकांना कळावे म्हणूनच. सुमेरच्या कारागिराने मात्र एवढ्या मेहनतीने अक्षरे कोरली आणि मग तो दगड फरशीखाली पेटीत ठेवून दिला. पुढे शंभर वर्षे दार उघडले-मिटले तरी तो लेख कोणी वाचणार नव्हते. मग लिहिला कोणासाठी?

एक उत्तर सरळ आहे. देवासाठी. त्यांच्या समजुतीप्रमाणे देवाला वाचायला उजेड लागत नाही. याच श्रद्धेने ते पायातही वस्तू पुरत. तांब्याच्या खिळ्यासारख्या छोट्या मूर्ती, सोबत दगडी पाटी, सगळे विटांच्या पेटीत बंद. त्या काळातल्या काही राजांनी पायात पुरायला स्वतःच्या मूर्ती घडवल्या आहेत, त्यांत राजा डोक्यावर मातीची टोपली घेऊन उभा आहे. अगदी घमेले घेतलेल्या मजुरासारखा. दरबारातला राजा आणि पायात पुरलेला राजा यांच्यातले हे अंतर पाहण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर अधिक व्यवहारी आहे. मातीच्या विटांची इमारत टिकत नाही. पाऊस, ओल, क्षार यांनी ती दोन-चार पिढ्यांत खचते आणि तिच्याच ढिगाऱ्यावर नवी बांधावी लागते. बांधणाऱ्याला हे पक्के ठाऊक होते. एक दिवस कोणीतरी राजा हे मंदिर उकरणार, जुना पाया शोधणार, तेव्हा त्याच्या हाती काय लागेल? विटा विरघळलेल्या असतील, लाकूड कुजलेले असेल. दाराखालचा दगड मात्र जसाच्या तसा असेल. म्हणजे हा लेख अशा माणसासाठी होता जो अजून जन्मलाच नव्हता, आणि ज्याच्या हातात कुदळ असणार होती.

हा अंदाज खराही ठरला. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलचा शेवटचा राजा नबोनिदस सिप्पार शहरातल्या मंदिराची दुरुस्ती करताना खोल खणत गेला आणि त्याला नराम-सिन राजाचा पायातला लेख सापडला. हा लेख 3200 वर्षांत कोणी पाहिला नव्हता, असे नबोनिदस मोठ्या अभिमानाने सांगतो. हिशेब चुकला होता. आजच्या गणनेप्रमाणे ते अंतर सतराशे वर्षांच्या आसपास येते. पण जुना लेख पाहून झालेला त्याचा आनंद काही खोटा नाही. उत्तरेकडच्या असिरियाच्या राजांनी तर आपल्या लेखांत पुढच्या राजाला स्पष्ट विनंतीच करून ठेवली आहे : माझा लेख सापडला तर त्याला तेल लाव आणि जिथे होता तिथे परत ठेव.

सगळेच वारसदार असे सभ्य निघाले नाहीत. दगड दुर्मीळ, त्यामुळे आधीच्या राजाच्या दाराखालचा दगड उपसून तोच आपल्या दाराला लावणे, हेही सर्रास चाले. नवा दगड आणायला ओमानपर्यंत कोण जाणार?

गुदेयाच्या वस्तूंचेही असेच झाले. त्याच्यानंतर जवळपास दोन हजार वर्षांनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अदद-नादिन-अहे नावाच्या एका सरदाराने गिर्सूच्या त्याच टेकाडावर आपला वाडा बांधला. ढिगाऱ्यात सापडलेले गुदेयाचे पुतळे त्याने आपल्या चौकात मांडले. आणि स्वतःच्या विटांवर आपले नाव ग्रीक आणि अरामी अशा दोन्ही लिप्यांत उमटवून घेतले. गुदेयाची भाषा त्याच्या भोवती कोणी बोलत नव्हते, तरी जुन्या माणसाचे नाव उराशी धरावे आणि त्याच्या शेजारी आपलेही नाव ठेवावे, एवढी हौस त्याला होती.

मग पुन्हा शांतता. गिर्सूचे नाव विसरले गेले, टेकाडाला लोक तेल्लो म्हणू लागले. 1877 मध्ये बसऱ्याचा फ्रेंच उपवकील अर्नेस्ट द सार्झेक तिथे पोहोचला आणि खणू लागला. सुमेर नावाची एक संस्कृती खरोखर होऊन गेली, हे जगाला पटवून देण्यात या टेकाडाचा मोठा वाटा आहे. पण त्या काळची खणण्याची रीत आजच्यासारखी नव्हती. पुतळा मिळाला, पाटी मिळाली, की काम झाले. सार्झेक तिथे नसला की बाकीचे लोक खणत. मातीच्या हजारो पाट्या अशाच बाहेर गेल्या आणि जगभरच्या बाजारांत विकल्या गेल्या.

दाराखालच्या दगडाचे नुकसान इथेच होते. दगड जागेवर असला तर तो जे सांगतो ते अक्षरांपेक्षा कितीतरी जास्त असते. भिंती मातीत मिसळून गेल्या तरी इथे दार होते हे त्यावरून कळते. खळगा उजव्या अंगाला आहे की डाव्या, दोन्ही बाजूंना दगड आहेत की एकीकडेच, यावरून दार एकफळी होते की दुफळी, आणि कोणत्या अंगाने उघडत होते हे समजते. दगडाच्या खोलीवरून त्या वेळची जमीन किती उंचीवर होती याचा अंदाज येतो. एकाच दारापाशी खाली एक, वर दुसरा असे दगड सापडले तर जमीन भरून दार उचलले गेले हे दिसते, आणि दोन्हींवर नावे असतील तर कोणाच्या राज्यात हेही. खळग्याची गुळगुळीत झीज तर हाताने चाचपता येते. ते दार नुसते शोभेचे नव्हते, माणसे त्यातून ये-जा करत होती, याची ती साक्ष. तोच दगड उचलून काचेच्या कपाटात ठेवला की नाव उरते, दार जाते. कोणत्या मंदिराचा हे अक्षरे सांगतील. कोणत्या दाराचा, हे आता कोण सांगणार?

परकीय संग्रहालयांतल्या अशा दगडांवर ज्यांनी ते नेले त्यांना आज दोष देऊन फार काही हाती लागणार नाही, असे मला वाटते. तेव्हाचे कायदे आणि तेव्हाची राज्यव्यवस्था वेगळी होती. पण अलीकडे जे झाले त्याला ही सबब नाही. 1990 नंतरच्या निर्बंधांच्या आणि युद्धांच्या काळात दक्षिण इराकची टेकाडे राखायला कोणी उरले नाही. एप्रिल 2003 मध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. सुमारे 15,000 वस्तू गेल्या. संग्रहालयातल्या वस्तूंची निदान यादी होती. टेकाडांतून जे रातोरात खणून नेले त्याची यादी कुठे असणार? जे जमिनीतून कधी रीतसर निघालेच नाही, ते चोरीला गेले हे सिद्ध तरी कसे करायचे?

त्याच वर्षी, मे 2003 मध्ये, लंडनच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याकडून आठ छोट्या प्राचीन वस्तू जप्त केल्या. मालकीचा कागद त्याच्याकडे नव्हता. पुढे तो धंदाही बंद पडला आणि वस्तू पोलिसांकडे तशाच पडून राहिल्या. अखेर पोलिसांनी त्या ब्रिटिश म्युझियमकडे ओळख पटवायला दिल्या. त्यांत मातीचे तीन शंकू होते, भिंतीत खुपसायचे, वर सांगितले तसे. त्यांवर अक्षरे होती आणि ती वाचायला वेळ लागला नाही. निनगिर्सूचे नाव होते, गुदेयाचे होते, आणि एनिन्नूचेही होते.

योगायोग असा की याच म्युझियमचे पथक तेव्हा इराकी पुरातत्त्व खात्याच्या तरुण अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देत तेल्लोमध्येच खणत होते, आणि एनिन्नूच्या भिंतींत तसलेच, अक्षरशः त्याच मजकुराचे शंकू त्यांना जागच्या जागी सापडत होते. वस्तू इराकच्या आहेत एवढेच नव्हे, तर कोणत्या टेकाडातून, कोणत्या इमारतीतून उपटल्या हे बोट ठेवून सांगता आले. ऑगस्ट 2018 मध्ये लंडनमध्ये इराकच्या राजदूतांच्या हाती त्या सुपूर्द केल्या गेल्या.

पथकाने चोरांनी पाडलेले खड्डेही तपासले. खड्ड्यांच्या कडेला काही शंकू फुटून पडलेले होते. घाईत हातातून निसटलेले, किंवा तुटके म्हणून टाकून दिलेले. त्यांच्यावरही तोच मजकूर होता.